हवेचा सारा

मोटारगाडीचा कमाल वेग कशाने ठरतो, असा प्रश्न केला असता सामान्य मनुष्य बहुधा इंजिनाकडे बोट दाखवील. आणि ज्यांनी या प्रश्नाच्या उत्तरासाठी आपले द्रव्य, आपली बुद्धी व प्रसंगी आपला प्राणही वेचला, त्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील धाडसी पुरुषांपैकी बहुतेकांची आरंभीची समजूतही हीच होती. तथापि १८९८ ते १९४७ या अर्धशतकात भूमीवरील वेगाचा विक्रम ताशी ३९ मैलांवरून ३९४ मैलांवर कसा गेला, हे बारकाईने पाहू लागले म्हणजे निराळेच चित्र दिसते. इंजिने अवाढव्य झाली हे खरे. परंतु ज्या गाड्यांनी या वाटचालीला खरी दिशा दिली, त्या बव्हंशी सर्वांत बलवान गाड्या नव्हत्या, तर हवेला सर्वांत कमी दुखावणाऱ्या गाड्या होत्या. आणि हे सत्य उमगण्यास जी पन्नास वर्षे लागली, त्या पन्नास वर्षांची ही हकीकत आहे.

१८ डिसेंबर १८९८ रोजी पॅरिसनजीकच्या आशेर येथे, एका सरळ आणि सपाट रस्त्यावर, काउंट गास्तों द शासलू-लोबा या फ्रेंच उमरावाने विजेवर चालणारी जांतो गाडी हाकून एक किलोमीटर अंतर ५७ सेकंदांत तोडले. हा वेग ताशी ६३ किलोमीटरांहून किंचित अधिक भरला, आणि भूमीवरील वेगाच्या विक्रमाची पहिली नोंद ती हीच. कामिय झेनात्सी या तांबड्या दाढीच्या बेल्जियन अभियंत्याने काउंटास तत्काळ आव्हान दिले, आणि पुढच्या चार महिन्यांत विक्रमाचा मान या दोघांमध्ये पाच वेळा बदलला. अखेरीस १८९९ च्या वसंत ऋतूत झेनात्सीने ‘ला जामे कोंतांत’ या आपल्या विजेच्या गाडीतून तोच किलोमीटर ३४ सेकंदांत ओलांडला, म्हणजे ताशी १०५.८८ किलोमीटरांचा वेग गाठला, व शंभराची मर्यादा मनुष्याने मोटारीतून प्रथमच पार केली.

या गाडीचे छायाचित्र आजही पाहण्यासारखे आहे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे तिचे अंग तोफेच्या गोळ्याप्रमाणे दोन्ही टोकांस निमुळते केलेले होते. म्हणजे हवेशी आपली गाठ आहे, ही जाणीव पहिल्या काही महिन्यांतच झालेली होती. परंतु त्या गोळ्याच्या वर झेनात्सी कमरेपासून मस्तकापर्यंत उघडा बसलेला आहे, आणि खाली चाके, आस व सांगाडा हे सर्व वाऱ्यात मोकळे आहेत. हवा ज्या ज्या ठिकाणी अडते, ती सर्व ठिकाणे तशीच ठेवून केवळ मधला भाग तेवढा गुळगुळीत केलेला. कल्पना अचूक होती. ती शेवटपर्यंत नेण्यास मात्र आणखी चाळीस वर्षे जावी लागली.

येथे त्या नियमाचा खुलासा केला पाहिजे, कारण पुढील सारे कथानक त्यावर उभे आहे. सपाट भूमीवर एकसारख्या वेगाने धावणाऱ्या गाडीस मुख्यत्वे दोन गोष्टी मागे ओढतात: एक चाकांचे जमिनीवरील लोटण, आणि दुसरी हवा. पहिलीचा जोर गाडीच्या वजनावर अवलंबून असतो आणि वेगाबरोबर तो फारसा वाढत नाही. दुसरीचा जोर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. आणि तो चौपट रोध दुप्पट वेगाने हटवीत जावयाचे असल्यामुळे इंजिनाची शक्ती आठपट लागते. शेतकऱ्याने एका बिघ्याच्या जागी दोन बिघे पेरले आणि सरकाराने दुपटीऐवजी आठपट सारा मागितला, तर त्याची जी अवस्था होईल, ती अधिक वेगाची हाव धरणाऱ्या गाडीची होते. वेगात शेकडा १० ची भर घालावयाची, तर शक्तीत शेकडा ३३ ची भर घालावी लागते. इंजिन जेवढी शक्ती देऊ शकते, तेवढीच हवा वसूल करू लागली की गाडीपाशी शिल्लक काही उरत नाही. तो वेग हाच तिचा कमाल वेग. या आकारणीत कारागिराच्या हाती दोनच बाबी आहेत: गाडी पुढून पाहिली असता दिसणारे तिचे क्षेत्रफळ, आणि तिच्या आकाराचा सुडौलपणा. या दोहोंचा गुणाकार जितका लहान, तितका सारा हलका.

विजेच्या गाड्यांचा अंमल लवकरच संपला. १९०२ मध्ये लेओं सेर्पोले याने नीस येथील समुद्रकाठच्या रस्त्यावर वाफेच्या गाडीतून ताशी १२० किलोमीटरांचा वेग गाठला. १९०४ च्या जानेवारीत हेन्री फोर्ड याने अमेरिकेत सेंट क्लेअर सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठावर ताशी ९१ मैल केले. आणि त्याच वर्षी जुलैत लुई रिगोली याने बेल्जियममधील ओस्टेंड येथे पेट्रोलच्या गोब्रों-ब्रिये गाडीने ताशी १०० मैलांची सीमा प्रथमच ओलांडली. हे टप्पे झपाट्याने आले, कारण इंजिने त्या काळी वर्षावर्षाला वाढत होती.

थबकून पाहावे असे वर्ष १९०६ आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत फ्लोरिडातील ऑर्मंडच्या वाळूवर फ्रेड मॅरियट याने स्टॅन्ली बंधूंच्या वाफेच्या गाडीतून ताशी १२७.६६ मैलांचा वेग केला. ही गाडी हलकी, बुटकी, अरुंद आणि पालथ्या घातलेल्या होडीच्या आकाराची होती. तिच्या आकाराने किती साधले, हे पुढच्या घडामोडींवरून कळते: जर्मनीच्या बेन्झ कारखान्याने साडेएकवीस लिटरांचे व २०० अश्वशक्तीचे प्रचंड इंजिन घातलेल्या आपल्या प्रसिद्ध गाडीतून व्हिक्टर एमेरी यास १९०९ मध्ये इंग्लंडातील ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर उतरविले, तेव्हा त्याला ताशी १२६ मैलांची मजल जेमतेम मारता आली. वाफेच्या गाड्यांपुरता मॅरियटचा विक्रम तर २००९ पर्यंत अबाधित राहिला. परंतु त्याच गाडीने दुसराही धडा शिकविला. १९०७ मध्ये मॅरियट अधिक वेगाने धावू लागला असता वाळूच्या एका उंचवट्यावर गाडीचे तोंड उचलले गेले, सपाट तळाखाली हवा शिरली, आणि गाडी भूमी सोडून उडाली व आदळून तिचे तुकडे झाले. मॅरियट दैवयोगाने वाचला. हवा केवळ अडवीत नाही, ती उचलतेही, हे तोवर कोणी गृहीत धरलेले नव्हते.

याच सुमारास नियमांतही शिस्त आली. वाऱ्याच्या पाठबळावर एकाच दिशेने मारलेली मजल ग्राह्य धरण्याची पद्धत बंद होऊन, दोन्ही दिशांनी फेऱ्या करून त्यांचा मध्य काढावा असा दंडक युरोपातील नियामक मंडळाने घातला, आणि पुढे दोन्ही फेऱ्या एका तासाच्या आत पुऱ्या झाल्या पाहिजेत अशी अट स्थिर झाली. ज्या हवेविरुद्ध ही सारी झुंज चालली होती, तिचाच फुकट लाभ विक्रमाच्या दप्तरात शिरू नये, ही त्यामागील भूमिका मला अत्यंत न्याय्य वाटते.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा विमानांची प्रबळ इंजिने मोकळी पडली, आणि विक्रमाच्या इतिहासात बळाचे युग सुरू झाले. १९२२ मध्ये केनेल्म ली गिनेस याने अठरा लिटरांच्या सनबीम गाडीने ब्रुकलँड्स येथे ताशी १३३ मैल केले. १९२४ मध्ये अर्नेस्ट एल्ड्रिज याने जुन्या फियाट गाडीच्या लांबविलेल्या सांगाड्यात जवळजवळ बावीस लिटरांचे विमानी इंजिन बसवून फ्रान्समध्ये आर्पाजों येथील सार्वजनिक रस्त्यावर ताशी १४६ मैलांचा वेग गाठला. आणि त्याच वर्षी माल्कम कॅम्बेल याने गिनेसची ती सनबीम विकत घेऊन वेल्समधील पेंडाइनच्या किनाऱ्यावर तो विक्रम अगदी थोडक्यात मोडला. या गाड्यांचे आकार म्हणजे इंजिनाभोवती गुंडाळलेला पत्रा, याहून अधिक काही नव्हते. अपवाद एक. १९२६ च्या मार्चमध्ये हेन्री सीग्रेव्ह याने साउथपोर्टच्या वाळूवर केवळ चार लिटरांच्या, परंतु बारीक अंगाच्या सनबीमने ताशी १५२ मैल करून दाखविले. विक्रम महिनाभरच टिकला. पण अठरा लिटरांना चार लिटर भारी पडू शकतात, एवढे त्याने सिद्ध करून ठेवले.

तो विक्रम मोडणारा जे. जी. पॅरी-टॉमस हा वेल्श अभियंता सत्तावीस लिटरांचे लिबर्टी इंजिन घातलेली ‘बॅब्ज’ ही गाडी घेऊन पेंडाइनवर उतरला होता, आणि एप्रिल १९२६ मध्ये त्याने ताशी १७१ मैल केले. पुढच्या फेब्रुवारीत कॅम्बेलने त्याला मागे टाकले. तेव्हा ३ मार्च १९२७ रोजी पॅरी-टॉमस पुन्हा त्याच वाळूवर आला, भरधाव वेगात त्याची गाडी उलटली आणि तो जागच्या जागी ठार झाला. त्याच्या मित्रांनी ती गाडी तेथेच किनाऱ्यावर खड्डा करून पुरली. ती पुढे १९६९ मध्ये उकरून काढण्यात आली. पॅरी-टॉमसच्या हाताखाली पूर्वी काम केलेला रीड रेल्टन नावाचा एक तरुण अभियंता या अपघातानंतर आपला स्वतःचा मोटार-उद्योग गुंडाळून ब्रुकलँड्स येथील थॉम्सन अँड टेलर या कार्यशाळेत रुजू झाला. या कथेचा खरा नायक माझ्या मते हाच मनुष्य होय. तो स्वतः कधी विक्रमाच्या गाडीत बसला नाही, पण पुढच्या वीस वर्षांतील विक्रमांपैकी बहुतेक त्याच्या रेखनफलकावर जन्मले.

पॅरी-टॉमसच्या मृत्यूनंतर चारच आठवड्यांनी, २९ मार्च १९२७ रोजी, सीग्रेव्हने फ्लोरिडातील डेटोना किनाऱ्यावर दोन विमानी इंजिनांच्या सनबीमने ताशी २०३.७९ मैलांचा वेग गाठला. एवढ्या वेगात नवी मर्यादा उभी राहिली, ती टायरांची. अर्धा मीटर त्रिज्येचे चाक ताशी ६०० किलोमीटर वेगाने फिरत आहे असे धरून हिशेब केला, तर त्याच्या परिघावरील रबराचा प्रत्येक कण आपल्या वजनाच्या साडेपाच हजारपटींहून अधिक जोराने बाहेर फेकला जाऊ पाहतो. एक ग्रॅम रबर साडेपाच किलोंचे होते. म्हणून विक्रमाच्या टायरांवर रबराचा थर जवळजवळ ठेवीतच नसत. कापडाच्या थरांवर रबराचा पातळ लेप, इतकेच त्यांचे स्वरूप असे, आणि त्यांचे आयुष्य मोजक्या मिनिटांचे असे. इंजिन आणि हवा यांच्यातील व्यवहार कोणत्याही आकड्यावर ठरो, टायरांनी जामीन राहण्याचे नाकारले तर तो आकडा कागदावरच राहतो.

१९२८ च्या एप्रिलमध्ये डेटोनाच्या त्याच वाळूवर, अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने, दोन परस्परविरुद्ध विचार समोरासमोर आले. एका बाजूस रे कीच याची व्हाइट ट्रिप्लेक्स ही गाडी होती: तीन लिबर्टी इंजिने, मिळून ८१ लिटर, ना क्लच, ना गिअरपेटी, आणि अंगाचा आकार ओबडधोबड. दुसऱ्या बाजूस इंडियानापोलिसची १९२६ ची शर्यत जिंकलेला तरुण फ्रँक लॉकहार्ट होता. त्याने दीड-दीड लिटरांची दोन इंजिने एकत्र जुळवून तीन लिटरांची एक नाजूक गाडी बांधली होती. तिची प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात तपासून, चाकांवरसुद्धा स्वतंत्र आवरणे घालून, हवेस अडकण्याजोगी एकही कड त्याने शिल्लक ठेविली नव्हती. २२ एप्रिलला कीचने ताशी २०७.५५ मैलांचा विक्रम केला. २५ एप्रिलला लॉकहार्ट निघाला. सत्तावीसपट लहान इंजिन घेऊन तो २०० मैलांच्या अगदी निकट पोहोचला होता, इतक्यात मागचा टायर फुटला, गाडी वाळूवरून कोलांट्या खात गेली आणि लॉकहार्ट मरण पावला. कारागिरीचा असा विजय आणि असा अंत एकाच क्षणी पाहावा लागावा, ही त्या काळाची मोठीच शोकांतिका होती. ट्रिप्लेक्सनेही पुढच्या वर्षी आपल्या चालकाचा, ली बाइबल याचा, आणि किनाऱ्यावर चित्रण करणाऱ्या एका छायाचित्रकाराचा बळी घेतला.

लॉकहार्टचा विचार मात्र त्याच्याबरोबर संपला नाही. ११ मार्च १९२९ रोजी सीग्रेव्हने डेटोनावर ‘गोल्डन ॲरो’ ही गाडी उतरविली. कॅप्टन आयर्व्हिंग याने आखलेल्या या गाडीत नेपियर लायन जातीचे एकच इंजिन होते, शक्ती सुमारे ९२५ अश्वशक्ती. परंतु त्या इंजिनाच्या सिलिंडरांच्या तीन रांगांवर पत्रा घट्ट बेतलेला होता, आणि तापलेले पाणी निवविण्यासाठी बर्फाच्या पेट्या बसविलेल्या होत्या. वेग भरला ताशी २३१.४५ मैल. ट्रिप्लेक्सची तीन इंजिने एका इंजिनापुढे २४ मैलांनी हरली. पुढच्याच वर्षी सीग्रेव्ह विंडरमिअर सरोवरावर नौकेच्या विक्रमाच्या प्रयत्नात मृत्यू पावला, आणि मैदान कॅम्बेलकडे राहिले.

कॅम्बेलच्या ‘ब्लूबर्ड’ गाडीची जबाबदारी आता रेल्टनकडे होती. १९३२ मध्ये सुमारे १,४५० अश्वशक्तीच्या नेपियर इंजिनावर तिने ताशी जवळजवळ २५४ मैल केले. नंतर तिच्यात रोल्स-रॉइसचे ‘आर’ जातीचे इंजिन बसविण्यात आले. हे इंजिन श्नायडर चषकाच्या विमानशर्यतीसाठी घडविलेले, छत्तीस लिटरांहून मोठे आणि सुमारे २,३०० अश्वशक्तीचे होते. घनाच्या नियमाने हिशेब करावा, तर एवढ्या वाढीव शक्तीने २९६ मैलांच्या आसपास वेग मिळावयास हवा होता. १९३३ मध्ये प्रत्यक्षात मिळाले २७२. उरलेले वाळूने खाल्ले. चाके जागच्या जागी निसटून फिरत होती आणि इंजिनाची शक्ती भूमीवर उतरतच नव्हती. येथे कमाल वेगाचा तिसरा हुकूमदार प्रकट झाला, तो म्हणजे जमीन: इंजिन जितका जोर देईल तितका टायरांनी भूमीला पकडून पुढे ढकलण्यात लावता आला पाहिजे, आणि मऊ, ओल्या, लाटांनी रोज नव्याने घडणाऱ्या वाळूत ती पकड अपुरी होती. रेल्टनने मागे दोन्ही बाजूंस जोडचाके घातली, हवेचे अडसर उघडणारे ब्रेक बसविले, मोजणीच्या मैलापुरते रेडिएटरचे तोंड बंद करण्याची सोय केली. तरी १९३५ च्या मार्चमध्ये डेटोनाने २७६ मैलांहून अधिक काही दिले नाही.

शिवाय जागा अपुरी पडत होती. गाडी कमाल वेगाच्या जवळ जाऊ लागते तसतशी इंजिनापाशी शिल्लक उरणारी शक्ती घटत जाते, आणि म्हणून शेवटचे दहा-वीस मैल वेग वाढविण्यास लागणारे अंतर आधीच्या सगळ्या अंतरापेक्षाही मोठे होते. किनारा संपण्यापूर्वी थांबणेही भाग असे. जिला आपण कमाल वेग म्हणतो ती अवस्था डेटोनावर कोणत्याच मोठ्या गाडीला खऱ्या अर्थाने लाभली नसावी, असे माझे मत आहे.

या दोन्ही अडचणींवरील उपाय यूटा संस्थानातील बॉनव्हिल येथे सापडला. प्राचीन काळच्या एका विस्तीर्ण सरोवराचे पाणी आटून तेथे मिठाचे मैदान शिल्लक राहिले आहे: पांढरेशुभ्र, कठीण, मैलोगणती सपाट, आणि पृष्ठाखालच्या ओलाव्यामुळे टायरांना थंड ठेवणारे. सॉल्ट लेक सिटीचा रहिवासी ॲब जेन्किन्स याने या मैदानाची महती कित्येक वर्षे आग्रहाने सांगितली होती. हे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा सुमारे शेकडा १२ ने विरळ आहे, आणि तेवढ्या प्रमाणात वेगावरील आकारणीत सूट मिळते. संपीडकाने हवा दाबून घेणाऱ्या इंजिनांना मात्र या विरळपणाची झळ फारशी लागत नाही. ३ सप्टेंबर १९३५ रोजी कॅम्बेलने तेथे ताशी ३०१.१३ मैल केले. पहिल्या फेरीच्या शेवटी त्याचा पुढचा एक टायर फुटला. तो सावरून, नवी चाके चढवून, तो परतीला निघाला. मोजणी करणाऱ्यांनी प्रथम ३०० मैलांहून किंचित कमी आकडा जाहीर केला आणि मागाहून चूक ध्यानी येऊन तो दुरुस्त केला. आयुष्यभराचे ध्येय हाती आल्यावर कॅम्बेलने भूमीवरील विक्रमातून अंग काढून घेतले.

आता रंगभूमीवर दोन इंग्रज राहिले, आणि त्यांच्या द्वारे जुना प्रश्न निकालात निघाला. कॅप्टन जॉर्ज आयस्टन याची ‘थंडरबोल्ट’ ही बळाच्या पक्षाची अखेरची आणि सर्वांत भव्य रचना होती: रोल्स-रॉइसची दोन ‘आर’ इंजिने, मिळून ७३ लिटर आणि ४,७०० अश्वशक्ती, आठ चाके, सुमारे सात टन वजन. १९३७ च्या नोव्हेंबरात तिने ताशी ३१२ मैल केले. जॉन कॉब हा लंडनचा लोकरी चामड्यांचा दलाल, शांत व अबोल स्वभावाचा, रेल्टनकडे गेला; याच रेल्टनने आखलेल्या दुसऱ्या एका गाडीतून त्याने १९३५ मध्ये ब्रुकलँड्सच्या फेरीचा १४३.४४ मैलांचा विक्रम केला होता, आणि तो कधीच मोडला गेला नाही. कॉबपाशी अपार संपत्ती नव्हती, आणि अद्ययावत इंजिनेही नव्हती. मिळण्याजोगी होती ती नेपियर लायन जातीची, मूळ आराखडा पहिल्या महायुद्धाच्या काळचा, प्रत्येकी सुमारे १,२५० अश्वशक्तीची दोन इंजिने. म्हणजे आयस्टनच्या शक्तीच्या निम्म्याहून थोडी अधिक.

या दारिद्र्यातून रेल्टनने जे निर्माण केले, त्यास मी अभियांत्रिकीतील काव्य म्हणेन. त्याने नागमोडी कण्यासारखा एकच पोलादी सांगाडा घेतला आणि त्याच्या दोन्ही अंगांस दोन इंजिने तिरकी बसविली. एकाने पुढची चाके फिरवावीत, दुसऱ्याने मागची, जेणेकरून चारही चाकांची पकड उपयोगी पडावी आणि पकडीसाठी वजन वाढविण्याची गरज पडू नये. गाडी तीन टनांच्या आसपास भरली. रेडिएटर काढूनच टाकला. एका टाकीत बर्फ आणि पाणी, एवढ्यावर दोन मैलभरांची धाव निभावयाची. चालकास अगदी नाकापाशी, पुढच्या चाकांच्याही पुढे बसविले. आणि या सर्वांवर कासवाच्या पाठीसारखे एकसंध ॲल्युमिनियमचे कवच पालथे घातले. ते अखंड उचलून बाजूस ठेवता येई, म्हणजे तासाभराच्या मुदतीत चाके बदलणे आणि बर्फ भरणे शक्य होई. झेनात्सीच्या गाडीत उघडे राहिलेले सारे आता झाकले गेले होते.

१९३८ च्या जानेवारीत जर्मनीतही हाच विचार चालू होता, आणि त्याची किंमतही तेथे मोजली गेली. २८ तारखेस सकाळी फ्रँकफुर्ट ते डार्मश्टाट या नव्या महामार्गावर रुडॉल्फ कारात्सिओला याने मर्सिडीझच्या गाडीतून, तिचे तोंड जवळजवळ मिटवून आणि बर्फाची पेटी भरून, ताशी ४३२.७ किलोमीटरांचा वेग केला. सार्वजनिक रस्त्यावरील तो विक्रम जवळजवळ ऐंशी वर्षे टिकला. थोड्याच वेळाने बेर्न्ट रोझमायर हा प्रतिस्पर्धी ऑटो युनियनच्या गाडीतून निघाला, आणि झाडी संपून मोकळे पटांगण लागते अशा ठिकाणी आडव्या वाऱ्याने गाडी रस्त्याबाहेर फेकली जाऊन तो मृत्युमुखी पडला. पुढून येणाऱ्या हवेसाठी आकार कितीही सुडौल असला, तरी तो बाजूच्या वाऱ्याला विस्तीर्ण पृष्ठ देतो. सुडौलपणाची ही दुसरी बाजू विसरून चालत नाही.

१९३८ च्या ऑगस्टअखेरीस आयस्टन आणि कॉब हे दोघेही बॉनव्हिलवर होते. २४ ऑगस्टला आयस्टनची एक फेरी वाया गेली, कारण पांढऱ्या मिठाच्या पार्श्वभूमीवर चकाकणारी रुपेरी गाडी वेळ मोजणाऱ्या प्रकाशयंत्राला दिसलीच नाही. तेव्हा तिच्या कुशीवर काळा रंग दिला गेला आणि २७ तारखेस तिने ३४५.५० मैल केले. १५ सप्टेंबरला कॉबने ३५०.२० मैलांनी तो विक्रम मोडला. आयस्टनने आपल्या गाडीच्या शेपटीवरील उभा पंख आधीच उतरविला होता, रेडिएटरचे तोंड मिटवून प्रतिपक्षाप्रमाणेच बर्फाची टाकी घेतली होती; आणि दुसऱ्याच दिवशी, १६ सप्टेंबरला, त्याने ३५७.५० मैलांचा विक्रम स्थापिला. वरवर पाहता बळाची सरशी झाली. परंतु ४,७०० अश्वशक्तीच्या गाडीला २,५०० अश्वशक्तीच्या गाडीला हरविण्यासाठी तिचीच युक्ती उसनी घ्यावी लागली, यातच निकाल आलेला होता. २३ ऑगस्ट १९३९ रोजी कॉब पुन्हा आला आणि ३६९.७० मैल करून गेला. नवव्या दिवशी युरोपात युद्ध पेटले.

थंडरबोल्टची पुन्हा गाठ पडली नाही. प्रदर्शनासाठी न्यूझीलंडला नेलेली ती गाडी तेथेच राहिली होती, आणि १९४६ मध्ये वेलिंग्टन येथील एका आगीत ती नष्ट झाली. कॉबची गाडी मात्र शाबूत होती. १६ सप्टेंबर १९४७ रोजी, म्हणजे आपल्याकडे स्वातंत्र्याला जेमतेम महिना झाला होता त्या सुमारास, त्याने तिच्यातून उत्तरेकडे ताशी ३८५.६ मैल आणि दक्षिणेकडे ताशी ४०३.१ मैल केले, आणि मध्य आला ३९४.२०. एका दिशेने का होईना, ४०० मैलांपलीकडे भूमीवर गेलेला तो पहिला मनुष्य. थंडरबोल्टला तिच्या आकारानिशी हा वेग गाठावयाचा असता तर घनाच्या नियमाने ६,३०० च्या आसपास अश्वशक्ती लागली असती. इंजिनांचे आकडे अंदाजी धरले आणि वजनातील फरक वजा केला, तरी हवेशी केलेल्या सलोख्याचे मोल यावरून पुरेसे कळते. कॉब १९५२ मध्ये स्कॉटलंडातील लॉक नेस सरोवरावर जेट नौकेच्या अपघातात गेला.

त्यानंतरचे विक्रम हळूहळू जेट इंजिनांच्या वाहनांकडे गेले, आणि चाकांना शक्ती देऊन धावण्याची जुनी कला मागे पडली. पिस्टनच्या इंजिनांवर आणि चाकांच्या बळावर कॉबचा आकडा ओलांडण्यास अठरा वर्षे लागली. १२ नोव्हेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातील समर्स बंधूंनी बॉनव्हिलवर ‘गोल्डनरॉड’ या गाडीने ताशी ४०९.२८ मैल केले. तिच्यात क्रायस्लरची चार इंजिने होती. आणि ती त्यांनी शेजारी शेजारी न ठेवता एकामागोमाग एका ओळीत बसविली होती, म्हणजे पुढून पाहणाऱ्याला एकाच इंजिनाची रुंदी दिसावी.